इंजिन बांधलं की परत तेल पाझरतं, परत क्रँक वाजतो? आधी केस कशी धुतली ते बघा

कंप्लेंट साधारण अशी असते. इंजिन पूर्ण खोललं, पिस्टन-रिंगा नव्या, कनेक्टिंग रॉड नवा, ऑइल सील नवे, गॅस्केट सेट नवा, सगळा माल चांगल्या दुकानातून आणलेला, आणि तरी पाचशे किलोमीटर व्हायच्या आत केसच्या, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात बसतात त्या दोन भागांच्या खोक्याच्या, जॉइंटमधून तेल पाझरायला लागलं. परत खोललं, परत गॅस्केट बदललं, परत तेच. दुसरी कंप्लेंट म्हणजे नवीन क्रँक, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरवणारा शाफ्ट, टाकला तरी थोड्याच दिवसांत परत वाजायला लागला, मग क्रँक डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण. आणि तिसरी, केस धुवायला दिली तेव्हा पांढरी होती, आली ती काळी ठिक्कर.

या तिन्ही गोष्टींचं मूळ बऱ्याचदा एकाच ठिकाणी सापडतं आणि ते म्हणजे धुणं. गॅरेजमध्ये धुण्याचं काम सगळ्यात हलकं समजतात, नवीन आलेल्या पोराला ट्रे आणि ब्रश देतात आणि बाकीचे सुट्ट्या पार्टकडे वळतात. बोअरिंगचा माप मायक्रोमीटरने घेतात, आणि ज्या केसमध्ये ते सगळं बसणार आहे ती कशी धुतली हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक केमिकल एकच कुठलीतरी घाण काढतं आणि जाताना स्वतःचं काहीतरी मागे ठेवतं. ते मागे राहिलेलं काढलं नाही तोवर पार्ट धुतला असं म्हणायचं नाही, दिसायला कितीही चकचकीत असला तरी.

मी स्प्लेंडर, यामाहाची आरएक्स आणि जुनी बुलेट डोळ्यासमोर ठेवून लिहितोय कारण आपल्याकडे गल्लीबोळात याच जास्त खोलल्या जातात, पण अ‍ॅल्युमिनियमची केस असलेल्या कुठल्याही इंजिनाला हे लागू आहे.

जॉइंटमधून तेल येतंय

आपल्याकडे धुणं म्हणजे रॉकेल नाहीतर डिझेल. रॉकेल हल्ली सहज मिळत नाही म्हणून बरेच जण डिझेलवर आलेत. दोन्ही तेल आणि चिखल काढायला चांगली आहेत, मी पण पहिली धुलाई त्यातच करतो, वाद तिथे नाही. वाद पुढे आहे. रॉकेल उडतं ते साधारण दीडशे डिग्रीपासून पुढे, डिझेलचा जड भाग तर साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे तुम्ही केस धुवून उन्हात ठेवली, हात लावला, कोरडी वाटली, तरी जड भाग पातळ थर होऊन तिथेच बसलेला असतो. त्या थरावर तुम्ही बॉण्ड, म्हणजे जॉइंट बंद करायचं सीलंट, लावता. बॉण्ड धातूला धरतच नाही, तो त्या तेलाला धरतो, आणि इंजिन गरम झालं की तो थर सरकतो आणि बॉण्डची आख्खी पट्टी रबरासारखी सोलून निघते. परत खोलाल तेव्हा बघा, जुना बॉण्ड नखाने एका तुकड्यात निघाला आणि खालचा धातू एकदम साफ दिसला तर समजा की तो कधी चिकटलाच नव्हता. नीट चिकटलेला बॉण्ड असा निघत नाही, तुकडे-तुकडे होऊन खरवडावा लागतो. माझ्या मते पूर्ण तपासणीतली ही सगळ्यात कामाची खूण आहे आणि लोक नेमकी तीच न बघता फडक्याने पुसून टाकतात.

आरएक्स १०० ला हे जास्त नडतं. ही गाडी १९८५ ते १९९६ बनली, आज रस्त्यावर असलेली प्रत्येक केस किती वेळा उघडली गेलीय याचा नेम नाही, आणि तिच्या दोन केसच्या मध्ये कागदी गॅस्केट नसतं, नुसता बॉण्ड असतो. टू-स्ट्रोकमध्ये तिथून नुसतं तेल बाहेर येतं असं नाही, बाहेरची हवा आत खेचली जाते, पेट्रोल-हवेचं मिक्श्चर पातळ होतं, पिस्टन तापतो आणि सीझ, म्हणजे सिलिंडरमध्येच जाम. मग लोक कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात. आयडलिंग आपोआप वर चढतंय, गाडी बंद करताना थ्रॉटल सोडला तरी आरपीएम पटकन खाली येत नाही, आणि कार्ब्युरेटर, इनटेक रबर सगळं तपासून झालंय, तर जॉइंट आणि क्रँकचे सील यांच्याकडे बघा.

उपाय असा. जुनं गॅस्केट, जुना बॉण्ड आधी काढा, पहिल्या धुलाईच्याही आधी. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जॉइंटवर थोडा वेळ ठेवायचं आणि मग ब्लेड आडवं धरून, धार पुढे ढकलत काढायचं. स्क्रू ड्रायव्हर नाही. स्क्रू ड्रायव्हरचा एक ओरखडा आतून बाहेरपर्यंत गेला की तेलाला कायमची वाट मिळाली, तिथे कितीही बॉण्ड भरा. दोन केस एकमेकांवर नेमक्या बसवणाऱ्या मधल्या डॉवेल पिना काढून त्यांच्या भोवतीचं पण साफ करा, तिथे जुन्या बॉण्डची कड राहते आणि केस पूर्ण मिटत नाही. मग रॉकेल किंवा डिझेल, ब्रशने, कोपऱ्या-कोपऱ्यात. मग भांडी घासायचं लिक्विड आणि गरम पाणी, भरपूर. ही पायरी लोक गाळतात कारण इंजिनाला पाणी कसं लावायचं असं वाटतं, पण रॉकेलचा थर काढायचं काम साबणच करतो, अजून एकदा रॉकेल मारून तो जात नाही. मग स्वच्छ पाणी, हवा मारा, आणि शेवटी बांधायच्या आधी फक्त जॉइंटच्या तोंडावर अ‍ॅसिटोन, पांढऱ्या धुतलेल्या सुती कापडाने, एका दिशेने पुसत.

साफ झालं का हे डोळ्यांनी कळत नाही, पाण्याने कळतं. साबण पूर्ण निघाल्यावर जॉइंटचं तोंड तिरकं धरून त्यावर साधं पाणी ओता. पाण्याचा सलग पडदा राहिला तर साफ. कुठेतरी पाणी फाटलं, मागे सरलं, थेंब-थेंब झालं, तर तिथे अजून तेल आहे. मी हे प्रत्येक केसला करतो आणि बहुतेक वेळा पाणी फाटतं ते बोल्टच्या भोकाभोवती, कारण भोकातलं तेल नंतर हळूहळू वर येतं.

थिनरबद्दल एक सांगतो. सुट्टा एनसी थिनर प्रत्येक पेंटच्या दुकानात मिळतो आणि स्वस्तातला असेल तर त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. काचेच्या तुकड्यावर दोन थेंब टाका आणि उडू द्या. काच स्वच्छ राहिली तर वापरा. तेलकट वर्तुळ किंवा पांढरट डाग राहिला तर तेच तुमच्या जॉइंटवर राहणार, तो थिनर गॅस्केट भिजवायला ठेवा, शेवटच्या पुसण्याला नाही. पेट्रोलने शेवटचं पुसणं पण मी मानत नाही, ते लवकर उडतं म्हणून साफ वाटतं पण त्यातल्या अ‍ॅडिटिव्हचा थोडा थर राहतो, आणि बाकीचे धोके वेगळेच, ते पुढे लिहितो.

केस काळी पडलीय

हे बहुतेक वेळा कॉस्टिकच. कॉस्टिक सोड्याची गरम टाकी ही बोअरिंगच्या वर्कशॉपमध्ये पूर्वीपासून आहे आणि ती ज्या कामासाठी होती त्यासाठी चांगली होती. ट्रॅक्टरचे, ट्रकचे, शेतातल्या पाण्याच्या इंजिनांचे ब्लॉक बिडाचे असतात, बिडाला कॉस्टिक काही करत नाही, तेल, रंग, काजळी सगळं निघून जातं. ज्यांनी बिडावर काम शिकलं त्यांनी तीच टाकी मोटारसायकलच्या केसला वापरली. अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं. बुडबुडे येताना दिसतात तो हायड्रोजन असतो, पेट घेणारा वायू, आणि ही क्रिया स्वतःच उष्णता तयार करते म्हणून जसजसा वेळ जातो तसतशी जोरात चालते. मोटारसायकलच्या केस बहुतेक एडीसी १२ सारख्या डायकास्ट मिश्रधातूच्या असतात, त्यात १० टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि थोडं तांबं असतं. अ‍ॅल्युमिनियम विरघळून जातं आणि सिलिकॉन, तांबं, लोखंड विरघळत नाही, ते पृष्ठभागावर काळ्या पावडरीसारखं उरतं. तो काळा रंग म्हणजे तुमच्या केसचा वरचा थर गेल्याची पावती आहे. घरी अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं धुण्याच्या सोड्यात उकळलं की काळं पडतं तेच हे, फक्त पातेल्यात बेअरिंग बसवायचं नसतं. म्हणून कपडे धुवायची पावडर पण गरम पाण्यात घालून केस रात्रभर भिजत ठेवू नका, तिच्यात सोडा असतो.

बुलेटच्या बाबतीत फसगत नावामुळे होते. जुन्या इंजिनाला सगळे कास्ट आयर्न बुलेट म्हणतात, आणि बिडाचा असतो तो सिलिंडर. क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमची असते. सिलिंडर टाकीत घाला हवं तर, केस नाही. कार्ब्युरेटर तर अजिबात नाही, त्याची बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि जस्त पण कॉस्टिकमध्ये जातं.

काळी झालेली केस आलीच समोर, तर रंगाची काळजी नंतर करा, आधी माप घ्या. बेअरिंगची सीट, म्हणजे केसमधली बेअरिंग बसायची जागा, डॉवेलची भोकं, आटे. सीटवरून दोन-तीन शतांश मिलिमीटर जरी गेला तरी जे बेअरिंग केस तापवून बसवावं लागायचं ते हाताने दाबून आत जातं, आणि चालू इंजिनात बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे बाहेरचं कडं, केसमध्ये फिरायला लागते. मग लोक सीटभोवती सेंटर पंच मारून ती टाईट करतात. असं करू नका, मनापासून सांगतो. पंचची टोकं तेवढी बेअरिंगला धरतात, दोन-चार वेळा इंजिन गरम-थंड झालं की ती चपटी होतात आणि सीट आधीपेक्षा वाईट होते. ढिलाई अगदी थोडी असेल तर बेअरिंग धरणारा हिरवा लॉकटाइट चालतो, दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने कोरडे करून. जास्त असेल तर चांगल्या टर्नरकडून सीट मोठी करून बुश टाकून घ्या, आणि टर्नर असा बघा जो दोन्ही केस एकत्र बोल्टने बांधून सेंटर काढतो, एकेक केस वेगळी लावून नाही.

अ‍ॅसिडचं पण तेच. टॉयलेट क्लीनरने केस चकचकीत होते असं खूप जण सांगतात, त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, ते अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पाडतं आणि क्लोराइड खड्ड्यात राहून पुढे पांढरी बुरशी आल्यासारखं गंजत राहतं. मॅगव्हील उजळायचे जे लिक्विड येतात त्यातल्या काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते कातडीवर पडलं की लगेच जळजळ होईलच असं नाही, दुखायला लागेपर्यंत आत गेलेलं असतं आणि शरीरातलं कॅल्शियम खेचतं, जिवावर बेतू शकतं. लेबल वाचल्याशिवाय असलं काही गॅरेजमध्ये ठेवू नका, जिथे लहान पोरं हाताखाली काम करतात तिथे तर नाहीच.

क्रँक परत-परत जातोय

आता खरं दुखणं. माझ्याकडे एक स्प्लेंडर आली होती, केस बाहेरून बघत राहावी अशी, एकसारखी मॅट फिनिश, मालकाने हौसेने ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने बारीक कण मारून सफाई, करून घेतलेलं. नवीन क्रँक टाकून फार चालली नव्हती आणि रॉड वाजत होता. केस उघडून तेलाच्या नळीच्या एका तोंडातून सिरिंजने रॉकेल मारलं, दुसऱ्या तोंडाखाली पांढरी बशी धरली. सुरुवातीला साफ रॉकेल आलं. तिथे तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, टोक पिंजून आत घातली, मागे-पुढे केली, परत रॉकेल मारलं, आणि बशीत बारीक चकाकणारी रेती आली. बोटाने दाबलं तर सुटे गोल मणी. ग्लास बीड, ब्लास्टिंगला वापरतात ते काचेचे मणी. वळणावर, जिथे दोन ड्रिल केलेली भोकं एकमेकांना मिळतात, तिथल्या कोपऱ्यात जुन्या तेलाच्या लाखेत ते रुतून बसले होते, नुसत्या हवेच्या झोताने निघालेच नसते. क्रँकचा काही दोष नव्हता, अजून एक नवा टाकला असता तरी तो पण गेला असता.

स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नाही, हे लक्षात ठेवा. तळाला एक जाळी आणि क्रँकवर गरगर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर. जाळी बारीक मणी अडवत नाही. सेंट्रिफ्युगल फिल्टर जड कचरा बाहेर फेकून धरतो पण त्याच्या पुढच्या वाटेत, म्हणजे क्रँकपिनकडे जाणाऱ्या भोकात, जे आधीच अडकलंय त्याला तो काय करणार. ते पहिल्या स्टार्टलाच थेट बिग एंडच्या, म्हणजे रॉड क्रँकला जोडतो त्या टोकाच्या, रोलरमध्ये जातं.

म्हणून ब्लास्टिंगच्या मी विरोधात नाही, पण इंजिनाच्या आतल्या पार्टवर नको. बाहेरून करायचंच असेल तर बेअरिंगच्या सीटा, जॉइंट, तेलाची सगळी तोंडं, सगळे आटे रबरी बूच लावून बंद करा, आणि नंतर सगळे प्लग काढून धुवा. ब्लास्टिंगवाल्याला सांगितलं की भाऊ तेवढं सांभाळून करा, एवढ्यावर विश्वास ठेवू नका, बूच स्वतः लावून पाठवा.

असाच दुसरा चोर म्हणजे ग्राइंडरला लावायच्या स्कॉच-ब्राइटसारख्या डिस्क. गॅस्केट झटक्यात निघतं, तोंड आरशासारखं होतं, म्हणून सगळ्यांना आवडतात. त्या डिस्कमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, ते झडतात आणि तेलात गेले की बेअरिंग खातात. जनरल मोटर्सने याच कारणासाठी आपल्या मेकॅनिक लोकांना बुलेटिन काढून अशा डिस्क इंजिनाच्या जॉइंटवर वापरू नका असं कळवलं होतं. तिकडच्या गाड्यांना कागदी फिल्टर असतो, तरी. शिवाय मऊ अ‍ॅल्युमिनियम जिथे डिस्क जास्त वेळ थांबली तिथे खोलगट होतं, म्हणजे जॉइंटमधून तेल यायचं अजून एक कारण तुम्ही स्वतः तयार करता. ब्लेड आणि थिनरला वेळ लागतो, लागू दे.

तिसरी गोष्ट कॉटन वेस्ट. हात पुसायला ठीक आहे, केसच्या आत अजिबात नाही. तिचे धागे बोल्टच्या टोकाला, कास्टिंगच्या खरखरीत भागाला अडकतात आणि तेलाबरोबर जाऊन जाळीवर बसतात. जाळी अर्धी बंद झाली की पंपाला तेल कमी आणि सगळ्यात आधी वरचं हेड कोरडं पडतं, कॅम आणि रॉकर जातात. जुन्या धुतलेल्या बनियनचं कापड वापरा.

आणि क्रँक स्वतः कसा धुता ते पण बघा. बाकी सगळे पार्ट धुऊन झालेल्या काळ्या रॉकेलच्या ट्रेमध्ये क्रँक बुडवून हलवला तर ती सगळी घाण तुम्ही आपल्या हाताने बिग एंडमध्ये भरली. क्रँक सगळ्यात आधी, ताज्या रॉकेलमध्ये, आणि वाळल्यावर रोलरमध्ये ताजं तेल सोडल्याशिवाय रॉड फिरवायचा नाही. टू-स्ट्रोक असेल तर टू-टी ऑइल.

तेलाची वाट धुण्याची माझी पद्धत अशी की आधी मॅन्युअलमधल्या चित्रावरून प्रत्येक भोकाचं दुसरं तोंड कुठे निघतं ते शोधायचं, मार्करने खूण करायची, आणि प्रत्येक जोडीत तंगूस, रॉकेल, हवा, मग साबणाचं गरम पाणी, परत हवा, शेवटी स्वच्छ रॉकेल पांढऱ्या बशीत. बशी कोरी राहीपर्यंत. हवा एका बाजूने मारून झाली की उलट बाजूने पण मारा, अडकलेला कण ज्या बाजूने आला त्याच बाजूने लवकर निघतो.

बोल्ट आवळताना केस तडकली

हे क्वचित होतं पण झालं की रडायची वेळ येते. केसमधली बरीच भोकं दुसऱ्या बाजूने बंद असतात. धुताना त्यात पाणी, रॉकेल, साबण भरतो, वरून केस कोरडी दिसते. बोल्ट आत गेला की ते पाणी कुठे जाणार, द्रव दाबला जात नाही, तो भोकाची भिंत फोडतो. केस फुटली नाही तरी टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, खोटा येतो. एम ६ च्या बोल्टला १० ते १२ न्यूटन मीटर पुरतं, पान्हा वेळेवर क्लिक होतो, पण बोल्टने जॉइंट दाबलेलाच नसतो, खालच्या पाण्यावर तो टेकलाय. मग तिथून तेल पाझरतं आणि आपण गॅस्केटला नावं ठेवतो. प्रत्येक बंद भोकात बारीक नोझलने हवा मारा, डोळ्यांना चष्मा लावून, कारण ते सगळं उलटून थेट तोंडावर येतं. मग कापडाची वात करून भोकात फिरवून बघा, ओली निघाली तर परत.

सील आणि बेअरिंग आत ठेवून धुऊ नका

ऑइल सील आणि ओरिंग बहुतेक नायट्राइल रबराचे. रॉकेलने फार काही होत नाही, पण अ‍ॅसिटोन, थिनर, कार्ब क्लीनर लागला की ते फुगतात, मऊ पडतात, वाळल्यावर आकार बदललेला असतो. नवीन सील बसवून झाल्यावर जॉइंट थिनरने भसाभसा पुसणारे खूप आहेत, आणि मग गिअर शाफ्टच्या सीलमधून तेल आलं की सील डुप्लिकेट. शेवटचं पुसणं सील बसवायच्या आधी करा, किंवा कापड नुसतं ओलसर करून सीलपासून लांब ठेवा.

बेअरिंग केसमध्येच ठेवून धुतलं तर धुतलेली सगळी घाण त्यात जाऊन बसते. आणि धुऊन झाल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची जी सवय आहे ती सोडा. कोरड्या बेअरिंगच्या गोळ्या आणि ट्रॅक त्यातच ओरखडतात, आणि वेग इतका जाऊ शकतो की पिंजरा तुटून गोळ्या अंगावर येतील.

बेअरिंग काढायला केस तापवा. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ५२ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेलं ६३०४ बेअरिंग घेतलं आणि दोन्ही धातू ८० डिग्रीने तापले असं धरलं, तरी सीट बेअरिंगपेक्षा साधारण पाच शतांश मिलिमीटर जास्त मोठी होते, तेवढ्यात बेअरिंग लाकडावर केस आपटली की खाली पडतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुर्र आवाज आला की पुरे, गॅस टॉर्च एका जागी धरू नका. पण तापवायच्या आधी केसमध्ये रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा अंशही राहिलेला नसावा, साबणाच्या पाण्याने धुऊन, वाळवून मगच.

तडकलेली केस आर्गन वेल्डिंगला द्यायची असेल तर अजून एक. ब्रेक क्लीनरच्या स्प्रेमध्ये काही क्लोरीनवाले असतात, लेबलवर टेट्राक्लोरोएथिलीन लिहिलेलं असतं. त्याने धुतलेला पार्ट वेल्ड केला, किंवा त्याच्या वाफा वेल्डिंगच्या आर्कजवळ गेल्या, तर फॉस्जीन तयार होऊ शकतो, पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला विषारी वायू. वेल्डरला द्यायचा पार्ट अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण उडू द्या, आणि कशाने धुतलाय ते वेल्डरला तोंडाने सांगा.

स्वतःला सांभाळा

पेट्रोलने पार्ट धुणं बंद करा. शून्याच्या खाली चाळीस डिग्रीला पण त्याच्या वाफा पेट घेऊ शकतात, रॉकेलच्या बाबतीत ते पस्तीसच्या पुढे होतं. पण आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतच चाळीस असतं, म्हणजे एप्रिल-मे मध्ये रॉकेल पण बेभरवशाचं, आणि डिझेलला सुद्धा तेव्हा निर्धास्त समजू नका. पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड, त्या जमिनीवरून सरकत जाऊन खड्ड्यात, कोपऱ्यात साठतात, आणि तिथे कॉम्प्रेसरच्या मोटरची एक ठिणगी पुरते. त्यात बेंझीन पण असतं, ते कॅन्सरचं कारण आहे, आणि कातडीतून पण शरीरात जातं. गॅरेजमधली पोरं उघड्या हाताने पेट्रोलमध्ये तासन्तास ब्रश मारतात आणि मग त्याच हाताने वडापाव खातात हे बघवत नाही. नायट्राइलचे ग्लोव्ह्ज रॉकेल-डिझेलला चांगले टिकतात. अ‍ॅसिटोन मात्र त्यातून लवकर आत येतो, तेव्हा ते काम झटपट करा आणि ग्लोव्ह्ज बदला.

घाण झालेलं रॉकेल गटारात ओतू नका. कॅनमध्ये दोन-तीन दिवस हलवल्याशिवाय ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं अलगद ओतून पहिल्या धुलाईला परत वापरता येतं. खालचा गाळ जळक्या ऑइलच्या कॅनमध्ये जमवा आणि जुनं ऑइल नेणाऱ्याला द्या.

पावसाळ्यात बांधताना

साबणाच्या पाण्याने धुतल्यावर गिअर, शाफ्ट, बेअरिंग यांना लगेच हवा मारून तेल लावा, कोकणात किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडे जून-जुलैमध्ये तासाभरात तांबूस छटा येते. अ‍ॅसिटोन उडताना पार्ट थंड करतो आणि दमट हवेत त्यावर दव धरतं, म्हणजे तुम्ही तेल काढलं आणि जागेवर पाणी आणलं. जॉइंट पुसायच्या आधी केस हाताला जरा कोमट लागेल इतकी उबदार असू द्या, बल्बखाली ठेवून किंवा गरम पाण्यातून काढून वाळवून, आणि पुसताना बल्ब बंद. बांधल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑइल फिकट दुधी दिसलं तर लगेच हेड गॅस्केट वगैरे मनात आणू नका, या गाड्यांना रेडिएटर नाही, पाणी बहुतेक धुण्यातलंच राहिलेलं असतं. ऑइल बदला, गाडी चांगली गरम होईपर्यंत लांब चालवा, परत बघा.

पहिलं ऑइल फेकायच्या आधी

पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरच्या आत काढा आणि पांढऱ्या ट्रेमध्ये काढा. स्प्लेंडरची जाळी क्लच कव्हर उघडल्याशिवाय दिसत नाही, तरी एकदा उघडा, सेंट्रिफ्युगल फिल्टरचं झाकण पण काढा. आत राखाडी मलम निघेल, नव्या रिंगांचा आणि क्लचचा थोडा चुरा असतोच, त्याने घाबरू नका. ते मलम कागदावर घ्या, रॉकेलने तेल धुऊन टाका, वाळवा आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवा. जे चुंबकाबरोबर सरकलं ते स्टील, ते बाजूला करा. जे उरलं ते काचेच्या तुकड्यावर ठेवून दुसऱ्या काचेने दाबून घासा. मऊ पसरलं तर अ‍ॅल्युमिनियम किंवा क्लचचा भुसा. काचेवर ओरखडे आले तर ती रेती किंवा डिस्कचा कण आहे, आणि भिंगाखाली गोल मणी दिसले तर ब्लास्टिंगचे, ते ओरखडे न पाडताही घात करतात. यातलं काहीही निघालं तर नवीन ऑइल भरून चालवून बघू असं करू नका, गाडी तिथेच थांबवा आणि तेलाच्या वाटा परत उघडा, रॉड वाजायला लागायच्या आत उघडलं तर क्रँक अजून वाचतो.